रुग्णालयाच्या आवारातले विद्यालय

वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय ही जोडी आज इतकी गृहीत धरली जाते की, मुंबईत ती जमायला जवळजवळ वीस वर्षे जावी लागली, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कलकत्ता व मद्रास येथे १८३५ मध्ये आणि पोर्तुगीज अमलाखालील पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय विद्यालये निघाली. मुंबईत त्यांच्याही आधी, १८२६ मध्ये, डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून शिकवणारी एक शाळा सुरू झाली होती. पण तिचा जम बसला नाही आणि १८३२ मध्ये ती बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या विद्यालयाचा आग्रह धरला, मात्र १८३८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाने कॉलेज काढण्याची योजना आकाराला आली. त्याच सुमारास जमशेटजी जीजीभाई यांनी गरिबांच्या रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले, आणि भायखळ्याला शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय या संस्था १८४५ मध्ये सुरू झाल्या.

या शेजाराचे खरे मोल कॉलेजचे पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी ओळखले होते. वॉर्डातील खाटेजवळ विद्यार्थ्याला उभे करायचे, रुग्णाची हकीकत त्यानेच विचारायची, नाडी पाहायची, पोट चाचपायचे, छातीला कान लावायचा, आपला निष्कर्ष सर्वांसमक्ष सांगायचा आणि रुग्ण दगावलाच तर शवविच्छेदनात, म्हणजे मृतदेह उघडून केलेल्या तपासणीत, तो निष्कर्ष कितपत खरा ठरला हे पाहायचे, अशी ही खाटेशेजारच्या शिक्षणाची पद्धत आहे. पुस्तकातला ज्वर सर्वांचा सारखाच असतो. खाटेवरचा प्रत्येकाचा निराळा, आणि तो फरक हाताला कळल्याशिवाय डॉक्टर घडत नाही. मोरहेड यांचा भारतातील रोगांवरचा दोन खंडांचा ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला मुख्य आधार याच वॉर्डांतील निरीक्षणांचा होता. भाऊ दाजी लाड हे १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले.

तथापि विद्यार्थी भारतीय असले, तरी वरिष्ठ अध्यापकांच्या जागा दीर्घकाळ इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी स्वरूपाच्या सेवेतील अधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुतांशी इंग्रजांकडेच राहिल्या. अध्यापकाच्या हाती केवळ व्याख्याने नसतात, तर वॉर्डही असतो. त्यामुळे कितीही हुशार भारतीय डॉक्टरला स्वतःच्या वॉर्डाविना शिकवणे आणि संशोधन करणे दुरापास्त होते. ही कोंडी फोडणारी अट, या इतिहासातील बहुधा सर्वांत महत्त्वाची अट, एका देणगीबरोबर आली. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी परळच्या नव्या कॉलेजसाठी रक्कम देताना तेथील अध्यापक भारतीयच असावेत असे बजावले, शेजारचे के. ई. एम. रुग्णालय मुंबई महापालिकेने चालवायला घेतले आणि १९२६ पासून ही दोन्ही एकत्र नांदू लागली. कॉलेजची धुरा डॉ. जीवराज मेहता यांनी दीर्घकाळ वाहिली. गुजरातचे पहिले मुख्यमंत्री ते हेच.

परळचे रुग्ण गिरणगावातले होते, आणि त्यांचे ऋण या शिक्षणावर फार मोठे आहे, कारण विद्यार्थ्यांचे नवखे हात शतकभर प्रामुख्याने गरिबांच्याच शरीरावर सरावले. पैसे मोजू शकणारा रुग्ण वेगळी खोली मागतो. सार्वजनिक वॉर्डातला रुग्ण मात्र एकामागून एक दहा जणांना तीच हकीकत सांगतो. त्याची संमती घेणे, पडदा ओढून मगच तपासणे आणि त्याच्या आजाराविषयी त्याच्यासमोर परक्या भाषेत न बोलणे, हीदेखील अभ्यासक्रमाचीच अंगे मानली पाहिजेत.

वॉर्डाच्या भिंतीही पुऱ्या पडत नाहीत, हे ओळखून डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी पहिल्याच वर्षी एका खेड्यात मुक्कामाला जाते, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात, आणि आजारी पडण्याआधीचा माणूस, त्याची विहीर, चूल आणि शेत, यांची ओळख शिक्षणाच्या आरंभीच होते.