घराआधी जमिनीची पारख

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वास्तुविद्येवर स्वतंत्र अध्याय आहे. बांधकामाआधीची भूमिपरीक्षा हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग. हातभर खड्डा खणून तीच माती पुन्हा त्यात भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. माती उरते ती जमीन मुळात घट्ट दबलेली, म्हणून पायाला भक्कम. भुसभुशीत जागी ती कमी पडते. दिशा उभ्या शंकूच्या, म्हणजे खुंटीच्या, सावलीवरून ठरवत. आराखडा 81 किंवा 64 पदांच्या, म्हणजे चौकटींच्या, मंडलावर बेतला जाई. मधले ब्रह्मस्थान मोकळे ठेवण्याची परंपरा आहे. महाराष्ट्रातील वाड्यांतही मधल्या चौकातूनच आतल्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळतो.