गुराबेच्या एका प्रतिकृतीची दुरुस्ती

बोईसर येथील एका संग्राहकापाशीं मराठी गुराबेची एक लांकडी प्रतिकृति आहे. ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपानें बाजारांत मिळते व घरीं जोडावी लागते. मुळाच्या बहात्तराव्या हिश्श्याचें प्रमाण संचावर छापलें असून ‘तारापूर जिंकणारी गुराब, १७३९’ असा फलकही सोबत दिलेला आहे. शाळेच्या प्रदर्शनांत मांडण्यापूर्वीं ती तपासून द्यावी असें आम्हांस सांगण्यांत आलें. तींत आढळलेले दोष, त्यांचीं प्रमाणें व केलेली दुरुस्ती येथें देत आहों.

हा विषय खेळण्याचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजी आंगऱ्यांचें आरमार जळालें. जुन्या कागदांत गुराबेचें नांव वारंवार येतें, पण त्या काळची गुराब डोळ्यांनीं दाखवितां येत नाहीं. अशा स्थितींत पाहणारास प्रतिकृति हाच पुरावा होऊन बसतो. आणि खोटा कागद जसा संशोधनास घातक, तशीच खोटी प्रतिकृतिही.

तपासणीस दोन आधार घेतले. पहिला, अठराव्या शतकाच्या आरंभीचें आज्ञापत्र. त्यांतील आरमाराच्या प्रकरणांत जहाजें मध्यम प्रमाणाचीं असावीं, उगीच थोर करून वाऱ्यावांचून निरुपयोगी होतील अशीं बांधूं नयेत, असा आशय आहे. दुसरा, रॉबर्ट ऑर्म याच्या १७६३ पासून प्रसिद्ध झालेल्या इतिहासांतील आंगऱ्यांच्या जहाजांचें वर्णन. ऑर्म परपक्षाचा खरा. परंतु शत्रूच्या जहाजाची तोफ कोठून सुटते हें चुकीचें लिहिण्यांत त्याचा कांहींच लाभ नव्हता. शिवाय गुराब फार थोड्या पाण्यांत तरंगते हें त्याचें म्हणणें आज्ञापत्राच्या धोरणाशीं जुळतें. सातपाटी, केळवें-माहीम, तारापूर व डहाणू येथील खाड्या ओहोटीस कशा उघड्या पडतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास या धोरणाचें कारण सांगावयास नको.

पहिला दोष नाळेचा. संचांत नाळ विलायती जहाजासारखी गोल व उंच असून तिच्या टोंकास पुतळी बसविली आहे. ऑर्मच्या वर्णनाप्रमाणें गुराब मध्यें रुंद व टोंकाकडे निमुळती होते. तिला गोल छाती नसून भूमध्यसमुद्रांतील गॅलीसारखी पुढें आलेली चोंच असते. या चोंचेवरील तक्तपोशी मुख्य तक्तपोशीच्याच पातळीस असते व तिला कठडा नसतो. समोरची लाट घेतांना गुराब फार आदळते. वर चढलेलें पाणी तत्काळ वाहून जावें म्हणून ही जागा उघडी ठेवीत. आम्हीं पुतळी व कठडा काढून टाकिला, गोल भाग कापला आणि सागवानी पट्ट्यांची चोंच नव्यानें बसविली.

दुसरा दोष तोफांचा. संचांतील तोफेचें तोंड दोन मिलिमीटर आहे. त्यास ७२ नें गुणिलें असतां १४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारें पावणेसहा इंच येतात. हें माप चोवीस रतली गोळ्याच्या तोफेचें झालें! ऑर्म गुराबेच्या बाजूंस सहा ते नऊ रतली, व पुढें नऊ किंवा बारा रतली तोफा सांगतो. नऊ रतलीचें तोंड सुमारें सव्वाचार इंच; या प्रमाणांत तें दीड मिलिमीटर भरतें. सहा रतलीचें १.३ मिलिमीटर. त्या मापाच्या पितळी नळ्या घेऊन तोफा बदलल्या. याहून महत्त्वाचें असें कीं पुढच्या दोन तोफा संचांत मुळींच नव्हत्या. चोंच व जहाज यांमधील फळ्यांच्या आडव्या भिंतींत दोन झरोके पाडून त्या बसविल्या. त्या चोंचेवरून समोर मारा करीत. त्यांच्यावांचून गुराबेची लढाईची रीतच कळत नाहीं.

तिसरा दोष तळाचा. तो तांब्याच्या पत्र्यासारखा रंगविला होता. इंग्रजी आरमारांतच तांब्याच्या पत्र्याचा पहिला प्रयोग १७६१ मध्यें झाला. १७३९ च्या गुराबेस तो कोठून असणार? रंग खरवडून लांकूड उघडें केलें. तीन डोलकाठ्या मात्र तशाच ठेविल्या, कारण सुमारें तीनशें टनांच्या गुराबेस त्या असत. दीडशें टनांच्या गुराबेस दोन.

सोबतच्या गलबतास चौकोनी शीड व बारा वल्हीं दिलीं होतीं. मोठ्या डोलकाठीस एकच प्रचंड त्रिकोणी शीड असावें व त्याचें टोंक काठीच्याही वर जावें. वल्हीं चाळीस ते पन्नास असावीं. त्याप्रमाणें शीड बदलून दर बाजूस वीस वल्हीं लाविलीं.

शेवटीं फलक. तारापूरचा किल्ला जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या फौजेनें सुरुंग लावून व तटावर चढून घेतला. बाजी भिवराव रेठरेकर त्याच वेढ्यांत पडले. हें यश जमिनीवरून लढलेल्यांचें आहे; तें एका जहाजाच्या नांवें लिहिणें म्हणजे मेलेल्यांचा हक्क बुडविणें होय. नव्या फलकावर ‘आंगरेकालीन गुराब व गलबत, अठरावें शतक’ एवढेंच लिहिलें आहे.

ज्यांच्या दप्तरांत जहाजबांधणीचे हिशेब, सागवानाच्या तोडीच्या सनदा किंवा सुतारांच्या मजुरीचे ताळेबंद असतील, त्यांनीं ते उजेडांत आणावे. त्यांत एखाद्या फळीची लांबी जरी मिळाली, तरी ही प्रतिकृति पुन्हां उघडून तिच्याशीं ताडून पाहण्यास आम्ही सिद्ध आहों.