गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग नऊ महिने कशाला थांबायचं?

बसमध्ये रेंज जाते, इअरफोन घरी राहतात, म्हणून हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय. आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता: लिगामेंट फाटलं की सर्जन नक्की काय करतात, आणि पाय बरा वाटत असतानाही मैदानावर जाऊ का देत नाहीत? आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण एखादी सिस्टीम कशी चालते हे उकलून बघायची खोड आहे, आणि गुडघा ही भारी सिस्टीम आहे.

आधी एक प्रयोग करा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध कातडीखाली एक दोरी वर आलेली दिसते? तिचं नाव पामारिस लॉंगस. काही जणांना ती जन्मतःच नसते, आणि नसली म्हणून काही अडत नाही. थोडक्यात, शरीरातला स्पेअर पार्ट!

या स्पेअर पार्टने खेळाच्या जगात इतिहास घडवलाय. टॉमी जॉन हा अमेरिकेतला लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा बेसबॉल पिचर. १९७४ मध्ये त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलं. तेव्हा पिचरसाठी याचा अर्थ एकच होता, करिअर संपलं. डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली हीच कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि ती त्यातून ओवून बसवली. यश मिळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. टॉमीचा १९७५ चा अख्खा सीझन गेला. १९७६ मध्ये तो परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ विजय ऑपरेशननंतरचे! आज त्या ऑपरेशनला त्याच्याच नावाने ओळखतात.

आता दोन शब्द नीट समजून घेऊ, कारण आपण सगळ्यालाच सरसकट 'नस' म्हणतो. कंडरा, म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी बांधते. लिगामेंट हाडाला हाडाशी बांधतं. दोन्ही दिसायला पांढऱ्या चिवट दोऱ्या, दोन्हींचा मुख्य माल कोलॅजन. म्हणून एकीच्या जागी दुसरी बसवता येते. पण बसवली म्हणजे काम झालं असं नाही. खरी गोम इथेच आहे.

आता आपल्या गुडघ्याकडे येऊ. कबड्डीत रेडर वेगाने येतो, पाय रोवतो, वळतो, आणि गुडघा आत पडतो. कोणी हातही लावलेला नसतो. 'कट्' असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा फुगतो. बऱ्याचदा हे एसीएल असतं, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधणारं लिगामेंट. फुटबॉल, कुस्ती, बॅडमिंटन, सगळीकडे हीच गोष्ट. कातडीवर जखम झाली की रक्ताची गुठळी धरते आणि तिच्यावर नवीन पेशी जमतात. एसीएल मात्र सांध्यातल्या द्रवात बुडालेलं असतं, तिथे ती गुठळी टिकत नाही. त्यामुळे पूर्ण तुटलेली टोकं आपापली घट्ट जुळणं कठीण.

म्हणून सर्जन जुनं शिवत बसत नाहीत, बहुतेक वेळा नवीन बसवतात. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगच्या कंडरा किंवा वाटीखालच्या कंडरेची पट्टी घेतात. दुर्बिणीतून बघत दोन्ही हाडांत बोगदे पाडतात, ग्राफ्ट त्यातून ओढतात आणि स्क्रू किंवा छोट्या धातूच्या बटणाने अडकवतात. चिरा लहान असतात आणि पेशंट लवकरच कुबड्या घेऊन चालायला लागतो. घरचे म्हणतात, झालं, सुटलो!

पण आत काय चाललेलं असतं? कंडरा मूळ जागेवरून काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. तिच्यातल्या बऱ्याच पेशी मरतात आणि उरतो तो सांगाडा. मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात, जुनं कोलॅजन काढून नवीन विणतात. कंडरा लिगामेंटसारखी होत जाते. पण हे सगळं चालू असताना, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षा कमकुवत असतो. आणि नेमकं तेव्हाच दुखणं गेलेलं असतं, सूज उतरलेली असते, जिना चढता येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतंय, पण मागे डेटाबेसचं मायग्रेशन अजून चालूच आहे. चौथ्या महिन्यात मंडळाच्या सामन्यात उतरणारा पोरगा नेमका इथे फसतो. दुखत नाही म्हणजे तयार आहे, असं नसतं.

याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिका आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी १०६ खेळाडूंचा दोन वर्षं पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालं. दुसरी गोष्ट टेस्टची. ताकद आणि एका पायावरच्या उड्यांच्या टेस्ट पास होऊन खेळायला गेलेल्यांपैकी ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, नापास होऊन गेलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांना. म्हणजे नुसतं कॅलेंडर बघून चालत नाही. ऑपरेशन झालेला पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरायला हवा. मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशननंतर अक्षरशः झोपतो. त्याला उठवायचं काम फिजिओचं आणि आपलं, सर्जनचं नाही.

मग प्रत्येक एसीएलला ऑपरेशन लागतंच का? नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या अभ्यासात अर्ध्यांना लवकर ऑपरेशन दिलं आणि अर्ध्यांना आधी व्यायाम, गरज पडली तर नंतर ऑपरेशन. पाच वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे जवळपास सारखेच होते, आणि दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नाही. पण त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, हे विसरू नका. ज्याला पुन्हा वळायचं, उडी मारायची, पकड करायची आहे, किंवा ज्याचा गुडघा चालतानाही सटकतो, त्याला बहुतेकदा ऑपरेशनचाच सल्ला मिळतो. आणि गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटून गुडघा अडकून बसला असेल तर वाट बघत बसायचं नाही.

वरच्या पातळीवरही शॉर्टकट नाही. विनेश फोगाटच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झालं. त्यासाठी तिने आशियाई स्पर्धा सोडली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची फायनल गाठली. फायनलच्या सकाळी वजनावरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्यात गुडघ्याचा दोष नव्हता.

तुमच्या टीममध्ये कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला तीन प्रश्न नक्की विचारायला सांगा. ग्राफ्ट कुठून घेणार? गादीलाही इजा आहे का? आणि मैदानावर सोडण्याआधी कोणत्या टेस्ट घेणार? तिसऱ्याचं उत्तर नुसतं 'सहा महिन्यांनी बघू' असं आलं, तर चांगला फिजिओ आत्ताच शोधा. ऑपरेशनचे पैसे जमवताना त्या नऊ महिन्यांच्या फिजिओचेही बाजूला काढा.

आणि कॅप्टन मंडळी, तुमच्यासाठी एकच विनंती. 'एवढी एकच मॅच खेळ रे' हे वाक्य त्या पोराला म्हणू नका. तो नाही म्हणणार नाही, म्हणून तुम्हीच म्हणा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!