ज्यूलिया : एका नांवाची कुळकथा

नांव हें ज्याचें त्याला ओळखण्यासाठीं असतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु युरोपांत आजही घरोघर ऐकूं येणारें ‘ज्यूलिया’ हें मुलीचें नांव ज्या प्राचीन रोममध्यें जन्मलें, तेथें तें कोणा एकीचें नव्हतेंच. तें साऱ्या कुळाचें होतें.

प्रतिष्ठित रोमन पुरुषास बहुधा तीन नांवें असत. ‘गायस ज्यूलियस सीझर’ यांत गायस हें व्यक्तीचें, ज्यूलियस हें कुळाचें व सीझर हें शाखेचें नांव. मुलीच्या वांट्यास मात्र सामान्यतः कुळाचेंच नांव स्त्रीलिंगी होऊन येई. म्हणून सीझरची आत्या ज्यूलिया, दोन्ही बहिणी ज्यूलिया आणि कन्याही ज्यूलियाच! बहिणींत भेद करावयाचा तर ‘थोरली’ व ‘धाकटी’ हीं विशेषणें जोडीत. विवाहानंतरही हें नांव सुटत नसे. सीझरची कन्या ख्रिस्तपूर्व ५९ मध्यें पाँपेची पत्नी झाली, तरी ती ज्यूलियाच राहिली. महाराष्ट्रांत तबकांतील तांदुळांवर वधूचें नवें नांव लिहिण्याची चाल आहे. रोमन स्त्रीचें माहेर तिच्या नांवांत जन्मभर टिकून राही.

या नांवाचा अर्थ काय? ज्यूलियस कुळांतील लोक आपला मूळपुरुष ईनिअसचा पुत्र यूलस असल्याचें सांगत, आणि त्याच्या द्वारें व्हीनस देवतेशीं नातें जोडीत. कित्येक भाषापंडित मात्र या शब्दाचा संबंध ज्यूपिटर अथवा जोव्ह या देवाशीं लावतात. ज्यूपिटर आणि वेदांतील ‘द्यौष्पितर्’ हे शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत. हें मत ग्राह्य धरल्यास ज्यूलिया आणि आपला ‘द्यौ’ यांचें दूरचें गोत्र जुळतें.

त्याच कुळाचें नांव आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेंतही आहे. पूर्वीं रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून पांचव्या महिन्यास ‘क्विंटिलिस’ म्हणत. ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें त्यास सीझरच्या सन्मानार्थ ज्यूलियस हें नांव मिळालें. तोच आपला जुलै.

पुढें कुळें लोपलीं, नांव उरलें. फ्रान्समध्यें ‘जूली’ हें त्याचें रूप झालें. इटलींत ‘जुलिएत्ता’ हें लाडकें रूप रूढ झालें, आणि त्यावरूनच शेक्सपिअरची ज्यूलिएट आली. प्रियकराचें कुलनाम प्रेमाच्या आड येतें, याचा तिला केवढा खेद! पण तिचें स्वतःचें नांवही मुळांत कुळाचेंच होतें. शतकांच्या वापरानें मात्र तें तिचें एकटीचें झालें होतें.