हात लावू नका, आधी पान बघा!

पावसाळी ट्रेकची तयारी जोरात असते. शूज, पॉन्चो, कॅमेरा... सगळं रेडी! पण झुडपात हात घालण्याआधी अंगाची आग करणारी झाडं ओळखता येतात का तुम्हाला?

आमच्या वाशिमकडे मी लहानपणापासून एकच नाव ऐकत आलोय, खाजकुयली. पुढे सह्याद्रीत फिरताना मोठी खाजोटी भेटली आणि लक्षात आलं, ही दोन वेगळीच प्रकरणं आहेत!

खाजकुयली म्हणजे वेल. वालाच्या कुळातली. एका देठावर तीन पानं, जांभळ्या फुलांचे लोंबते घोस आणि इंग्रजी 'एस'सारख्या वळलेल्या शेंगा. खाज आहे ती शेंगेवरच्या सोनेरी-तपकिरी लवेत. हिवाळ्यात, तुरीच्या सोंगणीच्या सुमारास शेंगा वाळतात आणि ही लव वाऱ्यानेही उडते. म्हणजे वेलीला हात न लावताही खाज सुटू शकते!

खाजोटी मात्र खरी 'नेटल'. उभं झुडूप, खोल खाचांची पंजासारखी पानं, करवती कडा. खोड, देठ, पानं, सगळीकडे पोकळ, काचेसारखे टोकदार केस. टोक मोडलं की छोट्या इंजेक्शनसारखा रस थेट त्वचेत!

आता खरी गोची. इंटरनेटवर 'नेटल' शोधलं की बहुतेक युरोपातल्या नेटलचे फोटो येतात. तिची पानं खोडावर समोरासमोर असतात. आपल्या खाजोटीची एकाआड एक. त्यामुळे फोटो जुळत नाही म्हणून बिनधास्त हात लावाल, तर फसाल.

लागलंच तर? चोळू नका. खाजकुयलीची लव चिकटपट्टीने अलगद उचला, मग साबण-पाण्याने धुवा आणि कपडे बदला. डोळ्यात गेली तर पाण्याने धुऊन थेट डॉक्टर गाठा.

आणि हो, दिसली की उपटायलाच हवी असं नाही. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असतं. पार्किन्सन्सवर हेच औषध देतात (म्हणून स्वतःच्या मनाने बिया खाऊ नका, प्लीज!). खाजोटीच्या सालीच्या धाग्यापासून नेपाळमध्ये 'अल्लो' नावाचं कापड विणतात.

तेव्हा पुढच्या ट्रेकला लांबूनच तीन फोटो काढा: अख्खं झाड, पानांची मांडणी आणि शेंग किंवा फूल. जाणकाराला तेवढे पुरतात. हात खिशातच बरे!