साठ मिनिटांची टेप

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत लघुपट नाही. त्याच्या जागी रील स्पर्धा आहे. मर्यादा तीस सेकंद, विषय ‘माझी शाळा’, आणि निवडक रील्स प्रवेशाच्या जाहिरातीत वापरणार अशी तळटीप. ज्या शाळेत मी मराठी शिकवलं, तिथली ही पत्रिका वाचून वाईट वाटलं, त्याहून राग जास्त आला.

शाळेतल्या सिनेमाचं म्हणाल, तर नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शाळेचा व्हीसीआर कपाटात कुलूपबंद असायचा. २००४ साली मात्र वारं फिरलं. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला, ‘श्वास’च्या रूपाने, सुवर्णकमळ मिळालं. तो ऑस्करला निघाला, तेव्हा त्याच्या खर्चासाठी शाळकरी मुलांनीही पैसे जमवले. आपल्याकडच्या गोष्टीचाही सिनेमा होतो, हे आमच्या नववीच्या वर्गाला तेव्हा पटलं आणि मुलांनी थेट उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावावर फिल्म करायचं ठरवलं.

आमचा भाग इंदापूरचा. भीमेवरच्या या धरणात घर गेलेली आजी जवळपास प्रत्येकाच्या नात्यात. पाणी फारच उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. चित्रीकरण तिथेच करायचं, हा मुलांचा हट्ट. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका पालकांचा. मिनी-डीव्हीची टेप साठ मिनिटांची आणि ती एकच, त्यामुळे आधी फुलस्केपवर शॉट लिहून काढायचे, त्यावरून भांडायचं, निम्मे खोडायचे. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीकडे शॉटची वही होती. वहीत नाही ते घ्यायचं नाही, असं ती कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगे.

धरणावरच्या वाऱ्यात सगळे संवाद वाहून गेले. मग खिडक्या लावून, पडद्यावरच्या ओठांकडे बघत, घामाघूम होऊन मुलांनी ते पुन्हा म्हटले. तासाभराच्या चित्रणाला तेरा जीबी जागा लागायची आणि ते संगणकात उतरवायलाही पुरता तास. मध्येच भारनियमन झालं की पुन्हा पहिल्यापासून. पण प्रत्येक शॉट इतक्यांदा पाहून मुलांना कळू लागलं, की आजी रडते त्यापेक्षा ती पाण्याकडे पाठ करून बसते तेव्हा जास्त कळतं. पाठ्यपुस्तकातल्या कथेबद्दल हे मला फळ्यावर कधी शिकवता आलं नव्हतं.

त्यानंतर दर वर्षी नववीची फिल्म होत राहिली. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा पंधरा मिनिटांत केवढं मावतं यावर वर्ग आठवडाभर बोलत होता. मग फिल्मच्या सुरुवातीला संस्थाचालकांचं मनोगत घाला, असा निरोप आला. मुलांनी नकार दिला. पुढच्या जूनमध्ये फिल्मसाठी राखलेले शनिवारचे दोन तास दहावीच्या पूर्वतयारीला गेले. कारण अभ्यासाचं सांगितलं. ते खरं नव्हतं, हे मी आजही म्हणतो.

आता फोन हातात आहेत, मग अडचण काय, असं विचारतात. अडचण त्या दोन तासांची आहे. ते परत द्या, असं पत्र मी संस्थेला दिलंय. शिकवायला मी फुकट येईन.