एका फुटलेल्या अहवालाचा शोध

9 एप्रिल 2013 रोजी न्यूझीलंडच्या फेअरफॅक्स वृत्तसमूहाच्या दैनिकांत अँड्रिया व्हान्स या संसदीय वार्ताहराची बातमी छापून आली. जीसीएसबी या सरकारी गुप्तहेर संस्थेने 2003 पासून 88 जणांवर ठेवलेली पाळत कायद्यात बसते की नाही याबद्दल गंभीर शंका आहे, असं सांगणारा एक अहवाल तयार होता. सरकारने तो अजून जाहीर केलेला नव्हता. बातमी आल्यावर तो जाहीर करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. बेकायदा पाळतीची ही गोष्ट त्या दिवशी लोकांसमोर आली खरी, पण पुढचं सव्वा वर्ष वेलिंग्टनच्या संसदेत गाजलं ते हा अहवाल कोणी फोडला या प्रश्नाने, आणि तो सोडवण्याच्या नादात संसदेनेच आपल्या लोकांचे फोन, ईमेल आणि दारांच्या नोंदी कशा देऊन टाकल्या या प्रकाराने. विधिमंडळातल्या ईमेलच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्याने हे प्रकरण मुळापासून वाचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जानेवारी 2012 मध्ये ऑकलंडजवळ किम डॉटकॉम या इंटरनेट उद्योजकाच्या घरावर छापा पडला. त्याआधी जीसीएसबीने त्याच्यावर पाळत ठेवली होती. न्यूझीलंडचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यावर पाळत ठेवायला त्या संस्थेला कायद्याने बंदी होती आणि डॉटकॉम तिथला रहिवासी होता. पंतप्रधान जॉन की यांना त्याची जाहीर माफी मागावी लागली. मंत्रिमंडळ सचिव रिबेका किटरिज यांना संस्थेचा कारभार तपासायला पाठवण्यात आलं. फुटला तो त्यांचाच अहवाल.

तो कोणी फोडला हे शोधण्याचं काम डेव्हिड हेन्री या निवृत्त ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे आलं. ते एके काळी कर खात्याचे प्रमुख होते. अहवालाच्या प्रती मोजक्याच लोकांकडे गेलेल्या असल्याने त्यांचा रस्ता सरळ होता. ज्यांच्या हातात प्रत होती, त्यांचे ईमेल कोणाकडे गेले, फोन कोणाला झाले, इमारतीत कोण कुठल्या दारातून केव्हा गेलं, हे सगळं एकमेकांशी ताडून पाहायचं. मंत्री आणि त्यांचे कर्मचारी यांच्या नोंदी मागवल्या गेल्या. आजच्या कुठल्याही कार्यालयात या नोंदी आपोआप साठत असतात. त्या पाहायला ना कुलूप फोडावं लागतं ना कोणाला समोर बसवून विचारावं लागतं. यंत्रणा सांभाळणाऱ्याला एक मेल केला की काम होतं.

संशयाची सुई लवकरच पीटर डन यांच्याकडे वळली. डन 1984 पासून खासदार, युनायटेड फ्युचर या पक्षाचे नेते आणि त्या पक्षाचे संसदेतले एकमेव सदस्य. कर खात्याचे मंत्री आणि गुप्तचर कामकाजावर देखरेख करणाऱ्या समितीचेही सदस्य. मे महिन्यात न्यूझीलंड फर्स्ट या विरोधी पक्षाचे नेते विन्स्टन पीटर्स यांनी अहवाल डन यांनीच फोडला असा थेट आरोप केला. हेन्रींच्या हाती आलेल्या नोंदींनुसार 27 मार्च ते 9 एप्रिल या काळात डन आणि व्हान्स यांच्यात 86 ईमेल झाले होते. हेन्रींनी त्यांचा मजकूर मागितला. डन यांनी तो पूर्ण द्यायला नकार दिला. लोकप्रतिनिधीने कोणाशी काय पत्रव्यवहार केला हे सरकारी चौकशीला दाखवण्याचं बंधन असू नये, ही त्यांची भूमिका होती. अहवाल पत्रकाराला देण्याचा विचार मनात आला होता, पण दिला नाही, असं त्यांनी सांगितलं. 7 जून 2013 रोजी हेन्रींचा अहवाल आला. डन दोषी आहेत असं त्यात कुठेही नव्हतं. सहकार्य न मिळाल्याने काम पुढे जाऊ शकलं नाही, एवढंच होतं. त्याच दिवशी डन यांनी मंत्रिपद सोडलं.

याच आठवड्यात अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचा माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरच्या पहिल्या बातम्या जगभर झळकत होत्या. त्यांतली पहिलीच अमेरिकेतल्या फोन कॉलच्या नोंदींविषयी होती. बोलणं नाही, फक्त कोणी कोणाला केव्हा फोन केला याची यादी. लिफाफा न फोडता त्यावरचे पत्ते आणि तारखा उतरवून घ्याव्यात, तसं. वेलिंग्टनमध्ये नेमकं तेच झालं होतं. त्या 86 ईमेलमधलं एक अक्षरही हेन्रींना वापरता आलं नाही, तरी एका मंत्र्याची खुर्ची गेली. मजकूर हाती नाही म्हणजे खासगीपणा शाबूत, असं जे सर्रास मानलं जातं, ते इथे साफ कोसळतं. एक खासदार आणि एक पत्रकार पंधरवड्यात इतक्या वेळा बोलतात, ही बाब स्वतःच पुरेशी बोलकी असते. लोकांनी तिचा अर्थ आपापल्या सोयीने लावला.

खरा धक्का जुलैमध्ये बसला. व्हान्स यांचं टेबल संसदेच्या आवारातल्या प्रेस गॅलरीत होतं. त्यामुळे दार उघडण्याचं त्यांचं कार्ड संसदेचं आणि टेबलावरचा फोनही संसदेच्याच यंत्रणेतला. हे सगळं सांभाळणाऱ्या पार्लमेंटरी सर्व्हिसने त्यांच्या कार्डाच्या नोंदी, म्हणजे त्या इमारतीत कुठे कुठे गेल्या याचा हिशेब, चौकशीला दिल्याचं उघड झालं. फोनच्या नोंदी मात्र दिलेल्या नाहीत, असं संसदेचे अध्यक्ष डेव्हिड कार्टर यांच्याकडून सांगण्यात आलं. काही दिवसांतच ते विधान दुरुस्त करावं लागलं. तीन महिन्यांच्या फोन नोंदीही चौकशीकडे पोहोचल्या होत्या. आम्ही त्या मागितल्या नव्हत्या, पाहिल्याही नाहीत, असं चौकशीचं म्हणणं. पुढे आणखी एक गोष्ट बाहेर आली. डन आणि व्हान्स यांचे ईमेल, तेही मजकुरासह, चौकशीकडे पाठवले गेले होते आणि चूक लक्षात आल्यावर परत मागवले गेले होते. 1 ऑगस्ट रोजी पार्लमेंटरी सर्व्हिसचे प्रमुख जेफ थॉर्न यांनी राजीनामा दिला.

ज्या मजकुरासाठी मंत्र्याने पद पणाला लावलं, तो मजकूर त्याला न विचारता, कोणा कर्मचाऱ्याने एका फाइलला जोडून पाठवूनही टाकला होता. यामागे कट होता असं मला वाटत नाही. नियमच नव्हता, हे जास्त गंभीर आहे. मागणी आली सरकारच्या बाजूने, पंतप्रधानांनी बसवलेल्या चौकशीकडून. ती ऐकणारी यंत्रणा मात्र संसदेची. सरकारला जाब विचारणं हे जिचं काम, त्या संस्थेच्या सर्व्हरची किल्ली सरकारने मागताच हातात दिली गेली. आधी अध्यक्षांना विचारावं, संबंधित खासदाराला आणि पत्रकाराला कळवावं, लेखी कारण मागावं, दुसऱ्या अधिकाऱ्याची सही घ्यावी, यांतलं एकही दार मध्ये नव्हतं. ईमेल सुरक्षा म्हटलं की आपल्याला परदेशी हॅकर, फसवे दुवे, कच्चे पासवर्ड आठवतात. यांतलं काही न घडताही संसदेची टपालपेटी इथे सताड उघडी राहिली.

इतरत्रही असं घडलं होतं. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीचा सर्व्हर दोन्ही पक्षांच्या कर्मचाऱ्यांना सामाईक होता. फोल्डरच्या परवानग्या नीट लावलेल्या नसल्याने 2001 ते 2003 या काळात रिपब्लिकन बाजूच्या कर्मचाऱ्याने डेमोक्रॅट सहकाऱ्यांच्या 4,670 फाइली उघडल्या. त्यांतली टिपणं वर्तमानपत्रांत पोहोचली. तिथे शोध घेतला तो सिनेटच्याच सार्जंट-अ‍ॅट-आर्म्सने, म्हणजे सुरक्षा पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, आणि मार्च 2004 मध्ये निष्कर्ष उघडपणे मांडले. लंडनची गोष्ट वेगळी. 27 नोव्हेंबर 2008 रोजी गृहखात्यातून फुटलेल्या कागदांच्या तपासात पोलिसांनी विरोधी पक्षाचे खासदार डेमियन ग्रीन यांना अटक केली आणि संसदेतल्या त्यांच्या कार्यालयाची झडती घेतली. वॉरंट नव्हतं. संसदेच्या अधिकाऱ्याने संमतीपत्रावर सही केली होती. अध्यक्ष मायकेल मार्टिन यांना सभागृहासमोर खुलासा करावा लागला आणि यापुढे वॉरंटशिवाय झडती नाही असं ठरलं. ग्रीन यांच्यावर खटला भरायचा नाही, हा निर्णय एप्रिल 2009 मध्ये सरकारी अभियोग प्रमुख किअर स्टार्मर यांनी घेतला.

लंडनमध्ये हे सगळं घडून पाच वर्षंही झाली नव्हती. वेलिंग्टनची संसदीय परंपरा वेस्टमिन्स्टरमधूनच आलेली, तरी लंडनचा धडा तिथवर पोहोचला नाही. आपल्याकडे संसद आणि विधिमंडळांचे विशेषाधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 105 आणि 194 मध्ये आहेत, आणि त्यांचंही मूळ ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सकडे जातं. सदस्याने सभागृहात केलेलं भाषण सुरक्षित आहे, हे मुंबई-नागपूरच्या विधान भवनात वावरणाऱ्या कोणालाही माहीत असतं. त्याच सदस्याच्या मेलच्या नोंदी कोण पाहू शकतं, असं विचारलं तर उत्तर इतक्या चटकन येईल का, याची मला काळजी वाटते.

वेलिंग्टनमध्ये हा प्रश्न विशेषाधिकार समितीकडे गेला. महाधिवक्ता क्रिस फिनलेसन तिचे अध्यक्ष होते. हेन्रींसह संबंधितांना तिच्यापुढे यावं लागलं आणि जुलै 2014 मध्ये अंतिम अहवाल आला. संसदेच्या यंत्रणांत साठलेली माहिती कोणाच्या परवानगीने, कोणत्या कारणासाठी द्यायची याची लेखी नियमावली त्यातून तयार झाली. तिच्यात प्रेस गॅलरीतल्या पत्रकारांचाही विचार झाला. पत्रकाराचं सूत्र सुरक्षित नसेल तर बेकायदा पाळतीची बातमी पुढच्या वेळी बाहेर येणारच नाही, म्हणून हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

दरम्यान 21 ऑगस्ट 2013 रोजी जीसीएसबीला देशवासीयांवर पाळत ठेवायची वाट मोकळी करून देणारी कायदादुरुस्ती 61 विरुद्ध 59 मतांनी संमत झाली. त्या 61 मधलं एक मत डन यांचं होतं. त्यांनी ते विरोधात टाकलं असतं तर विधेयक बारगळलं असतं. आपल्या 86 ईमेलसाठी इतक्या ठामपणे उभा राहिलेला माणूस इतरांच्या ईमेलसाठी उभा राहिला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. जानेवारी 2014 मध्ये ते पुन्हा मंत्री झाले. अहवाल फोडल्याचा आरोप त्यांनी कायम नाकारला, आणि तो कोणी फोडला हे कुठल्याच चौकशीत सिद्ध झालं नाही.